कॉटचे बंपर कधी काढायचे, आणि त्यानंतरच्या रात्री कशा काढायच्या

बाळाच्या कॉटला आतून चारी बाजूंनी बांधलेली ती जाड, गुबगुबीत पट्टी कधी काढायची? मी आजवर ऐकलेली उत्तरं अशी: 3 महिने झाले की. पालथं पडायला लागलं की. रांगायला लागलं की. धरून उभं राहिलं की. एका गृहस्थांनी तर "नकोसे झाले की बाळच ओढून काढतं" असंही सांगितलं, आणि ते गंमत करत नव्हते.

माझं उत्तर एका शब्दाचं आहे: आज. बाळ आत्ता झोपलेलं असेल तर ते उठल्यावर. अजून जन्मायचं असेल तर बांधूच नका.

स्वतःच्या थोरल्या मुलाचे, बहिणीकडचे, मित्रांकडचे असे बरेच बंपर मी सोडले आहेत. सोडायला दहा मिनिटं लागतात. ते का सोडू नयेत हे ऐकून घेण्यात संध्याकाळ जाते.

मुहूर्त शोधणाऱ्यांनी महिने ओळीने मांडून पाहावेत. पहिल्या 4 महिन्यांत बाळाला मान नीट सावरता येत नाही. नाकतोंड मऊ कापडात रुतलं तर ते मान फिरवून सुटू शकत नाही, सोडलेलीच हवा परत परत आत घेत राहतं, आणि हे सगळं आवाज न होता घडतं. झोपेतल्या अचानक अर्भकमृत्यूचा धोका सर्वांत जास्त असतो तोही पहिल्या ते चौथ्या महिन्यात. पुढे बाळ पालथं पडायला शिकतं. लोळत कडेला जाणं त्याला जमतं, तिथून परत फिरणं जमेलच असं नाही. गादी आणि बंपर यांच्या बेचक्यात तोंड अडकतं ते या वयात. नाड्या ओढणं, चघळणं, त्या गळ्याभोवती येणं हेही याच काळातलं. मग ते गज धरून उभं राहतं आणि बंपरची पायरी होते: एक पाय तिच्यावर, दुसरा कठड्यावर, की मूल खाली. यात "असू दे, काय होतंय" म्हणण्याजोगा महिना मला तरी सापडलेला नाही.

"उभं राहिलं की काढा" हा सल्ला मात्र कोणी हवेतून आणलेला नाही. एके काळी डॉक्टरही तेच सांगत. जुन्या कॉटचे गज एकमेकांपासून लांब लांब असत. बाळाचं अंग पायाकडून बाहेर घसरे आणि डोकं आत अडके, म्हणून फट बुजवायला बंपर. अमेरिकेत 1973 साली नियम झाला आणि दोन गजांमधलं अंतर जास्तीत जास्त 6 सेंटीमीटरवर आलं. युरोपातल्या मानकात ते 6.5 सेंटीमीटर आहे. फट गेली, पट्टी राहिली. तिच्यावर ससे आणि ढग आले आणि ती चादरीच्या सेटमध्ये मिळू लागली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या 1985 ते 2005 या काळातल्या नोंदी चाळून बंपरशी जोडलेले 27 बालमृत्यू सापडले. 2011 पासून तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बंपर वापरूच नका असं सांगते आहे, आणि नोव्हेंबर 2022 पासून जाड बंपर बनवणं आणि विकणं तिथे बेकायदा आहे. तरीही कोणी ना कोणी भेट म्हणून आणतंच.

आता काम. नाड्या सोडा. गाठी बसल्या असतील तर कापा, पण गजाला लोंबणारा तुकडा ठेवू नका. गजांमधलं अंतर टेपने मोजा. ते 6.5 सेंटीमीटरच्या वर असेल, एखादा गज हलत किंवा तुटलेला असेल, तर दोष कॉटमध्ये आहे आणि ती वापरातून काढायची. बंपर बांधून ती सुरक्षित होत नाही, फक्त दोष झाकला जातो. कॉटचे स्क्रू आवळा. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे, बदला. वर इलॅस्टिकची घट्ट चादर. उशी, दुलई, भरलेली खेळणी बाहेर. झालं.

मी अडकलो ते याच्या पुढे.

थोरला 5 महिन्यांचा असताना आम्ही बंपर काढले. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला किंचाळी. दिवा लावून पाहतो तर उजवा पाय मांडीपर्यंत गजांच्या बाहेर. माझी आई दारात उभी. ती काही बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. पाय सोडवला, पंधरा मिनिटांनी डावा पाय. पहाटे चारला मी कपाटातून बंपर काढले आणि परत बांधले. हे सांगायला मला आनंद होत नाही, पण बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. बंपर निघतात, पाय अडकतो, बंपर परततात, आणि मग "आमच्या बाळाला लागतातच" असा समज वर्षभर मुक्काम करतो. आम्हीही आठ दिवस घालवले.

त्या आठ दिवसांत मला एक साधी गोष्ट कळली नव्हती: अडकलेला पाय आणि गुदमरलेलं नाक यांची बरोबरी होऊच शकत नाही. पाय अडकला की बाळ बोंब मारतं, तुम्ही धावता, पाय सुटतो, फार तर लाल वळ उठतो. ज्याच्यात बोंब मारता येत नाही त्याची काळजी करायची. डोकं आपटण्याचंही तसंच. लोळताना किंवा बसता बसता कलंडून गजावर डोकं आपटेल इतकी ताकद बाळात असते, गंभीर इजा करून घेईल इतकी नसते. काही मुलं 6 महिन्यांनंतर झोपताना मुद्दाम ठेक्यात डोकं आपटतात. ऐकायला भयंकर वाटतं, बहुधा आपोआप थांबतं. लागत असेल किंवा दिवसाही तेच चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर बंपर हा उपाय नाही.

पाय सोडवण्याची रीत आधीच ठरवून ठेवा, कारण रात्री दीडला डोकं चालत नाही. मी पहिल्यांदा सरळ ओढला. चूक. ओढलं की बाळ पाय ताणतं आणि मांडी आणखी घट्ट बसते. एक हात बाळाच्या कुल्ल्याखाली घालून त्याचं अंग गजांच्या दिशेने सरकवा, म्हणजे ताण जातो. मग दुसऱ्या हाताने पाय हलकेच फिरवत, गुडघा सैल ठेवून, गेला त्याच वाटेने परत आणा. त्वचा चिकटत असेल तर थोडं तेल लावा. मोठा दिवा लावू नका, बाळ पुरतं जागं होतं.

आणि पाय अडकूच नये म्हणून एकच गोष्ट कामाची निघाली: झोपण्याची पिशवी, म्हणजे स्लीप सॅक. बिनबाह्यांची, दोन्ही पाय एकत्र आत. पिशवीतला पाय गजांमधून सहसा जात नाही, पांघरुणाचीही गरज उरत नाही. गळा आणि काखा मापात हव्यात. "पुढे होईल" म्हणून मोठी आणली तर डोकं आत घसरतं. हात बांधून गुंडाळणं हा याला पर्याय नाही. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं की गुंडाळणं बंद, कारण पालथं पडल्यावर त्याला हात लागतात.

यानंतर तुम्हाला तीन मोह होतील. पहिला, टॉवेलची वळकटी करून कडेला लावायचा. तो घरगुती बंपरच. दुसरा, जाळीचा पातळ बंपर. अमेरिकेतल्या कायद्याने तो जाडाबरोबर बंद केला नाही हे खरं, पण तो सैल पडतो, त्यालाही नाड्या असतात, आणि पाय अडकल्याने फार काही बिघडत नाही हे पटलं असेल तर तो घ्यायचा कशाला? तिसरा मोह म्हणजे बाळाला आपल्या मऊ पलंगावर, दोन उशांच्या मध्ये घ्यायचं. थकव्यात हा सगळ्यात जवळचा वाटतो आणि तिघांत सगळ्यात धोक्याचा आहे. त्यापेक्षा कॉट आपल्या पलंगाला हात पोचेल इतक्या जवळ आणा. पहिले निदान 6 महिने ती तुमच्याच खोलीत असलेली बरी.

बाळाला उताणं झोपवायचं, प्रत्येक वेळी. रात्री ते स्वतःहून पालथं झालं आणि त्याला दोन्हीकडे वळता येत असेल, तर दर तासाला उठून सरळ करत बसू नका. मोकळ्या कॉटमध्ये ते चालतं. बाळ आधाराशिवाय बसायला लागलं की गादी एक टप्पा खाली आणा, उभं राहण्याआधी सगळ्यात खाली.

थोरल्याचे बंपर दुसऱ्या खेपेला काढले तेव्हा पाच रात्री त्रास झाला, सहाव्या रात्री कोणी उठलं नाही. धाकटीच्या वेळी बंपर बांधलेच नव्हते, त्यामुळे तिला काही काढून घेतल्याचं कळायचा प्रश्नच नव्हता.

काढलेल्या बंपरचं काय करायचं? मी पहिला संच धुऊन, घडी घालून, चांगला आहे म्हणून मावसभावाला दिला. वर्षभराने त्याच्या घरी गेलो तर त्याची 2 महिन्यांची मुलगी त्याच बंपरला गाल टेकवून झोपलेली. त्याला काय म्हणणार? वस्तू माझ्याच घरातून गेली होती. त्याच्याकडून तो परत आणला आणि कात्री घेऊन बसलो. नाड्या कापल्या, शिवण उसवली, आतलं भरण फेकून दिलं. कापडाची फडकी झाली. त्यांच्यावरचे हत्ती अजून अधूनमधून खिडकीची काच पुसताना भेटतात.