ॲरिझोनातील आरव्ही रिसॉर्टमध्ये निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा

मिनेसोटा, मिशिगन किंवा ऑन्टॅरिओमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेली अनेक मराठी जोडपी आता बर्फाचे महिने दक्षिणेत घालवण्याचा विचार करू लागली आहेत. ॲरिझोनातील मेसा, अपाचे जंक्शन आणि युमा या गावांतील आरव्ही रिसॉर्ट, म्हणजे मोटारहोमसारख्या राहण्याच्या गाड्या (आरव्ही) उभ्या करून मुक्काम करण्याच्या वसाहती, यासाठीच ओळखली जातात. पहिल्याच वर्षी मोटारहोम विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक मोठ्या रिसॉर्टमध्ये पार्क मॉडेल, म्हणजे साधारण 400 चौरस फुटांपर्यंतची चाकांवरची छोटी घरे, भाड्याने मिळतात. तिथे महिनाभर राहिल्यावर इतक्या कमी जागेत आपल्या दोघांचे जमते की नाही, हे कळते.

जागा निवडताना तरणतलावाच्या छायाचित्रांपेक्षा नियमावली आधी मागवावी. ‘55 व त्यावरील’ असे म्हणवणाऱ्या वसाहतींत, अमेरिकेच्या 1995 च्या कायद्यानुसार, किमान 80 टक्के राहत्या घरांमध्ये 55 वर्षे पूर्ण केलेली एक तरी व्यक्ती असावी लागते; त्यामुळे नातवंडे किती दिवस राहू शकतील, हे आधीच विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. महिन्याचे किंवा हंगामाचे भाडे दिवसाच्या दराच्या मानाने बरेच स्वस्त पडते, मात्र त्यात विजेचे बिल बहुधा धरलेले नसते. जानेवारी ते मार्च हा गर्दीचा काळ असून जुने रहिवासी दरवर्षी तीच साइट, म्हणजे गाडी उभी करण्याची जागा, राखून ठेवतात, म्हणून आरक्षण उन्हाळ्यातच करावे.

स्वतःची गाडी नेणार असाल, तर वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्यांची नीट ओळख करून घ्यावी. 30 अँपिअरच्या विजेच्या जोडणीवर सुमारे 3,600 वॅटच मिळतात. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकाच वेळी लावले तर ब्रेकर पडणारच. 50 अँपिअरवर 12,000 वॅटपर्यंत मिळतात आणि आपल्या पद्धतीच्या स्वयंपाकाला तीच जोडणी सोयीची पडते. पाण्याच्या नळाला दाबनियंत्रक लावावा. शौचालयाच्या, म्हणजे ब्लॅक टँकच्या झडपेबाबत मात्र नवखे लोक हमखास चुकतात: सांडपाण्याची नळी कायम जोडलेली असली तरी ती झडप बंदच ठेवावी आणि टाकी दोन तृतीयांश भरल्यावर उघडावी, कारण सतत उघडी राहिल्यास पाणी निघून जाते आणि घट्ट मैला तळाशी साचून बसतो. त्यानंतर आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची टाकी सोडली की नळी आपोआप धुऊन निघते.

या वसाहतींचे खरे वैभव तेथील मंडळांत आहे. लाकूडकाम, रत्नांना पैलू पाडणे, गोधड्या शिवणे, चौरस नृत्य (चार जोड्यांचे स्क्वेअर डान्स) आणि 1965 साली वॉशिंग्टन राज्यात जन्मलेला पिकलबॉल हा बॅट-चेंडूचा जाळीवरचा खेळ, हे सारे रहिवासीच चालवतात. म्हणून कुणी बोलावण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात एका मंडळात नाव नोंदवावे आणि खुर्च्या मांडण्यापासून मदतीला उभे राहावे. सामूहिक जेवणाला बेताच्या तिखटाचा पदार्थ न्यावा आणि त्यातील घटकांची चिठ्ठी जवळ ठेवावी, कारण शेंगदाण्याचे कूट किंवा तीळ काहींना जिवावर बेतू शकतात. संक्रांत ऐन हंगामात येते. तिळगूळ वाटतानाही ही काळजी घ्यावी.

निघण्यापूर्वी आरोग्यविमा तपासावा. मूळ मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतील ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, ती स्वीकारणाऱ्या डॉक्टरांकडे देशभर चालते, पण खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या बऱ्याच योजना ठरावीक भागातील डॉक्टरांपुरत्या असतात आणि घरापासून दूर तातडीच्या उपचारांपलीकडे फारशा उपयोगी पडत नाहीत. भारतातून आई-वडील येणार असतील, तर त्यांचा प्रवासी विमा वेगळा काढावा. एप्रिलच्या सुमारास उष्मा वाढू लागताच परतीची तयारी करावी आणि साइट पसंत पडली असेल, तर पुढील हंगामाची अनामत भरूनच निघावे.