हायकू बूट होत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी या चुका टाळा

विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं हायकू इन्स्टॉल केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि थेट विंडोजच उघडलं. मग लोक परत पेनड्राइव्ह लावतात, परत इन्स्टॉल करतात आणि परत विंडोजच येतं. अशा वेळी हायकू बहुधा डिस्कवर व्यवस्थित बसलेलं असतं, फक्त त्याच्यापर्यंत पोचायची वाट मशीनला माहीत नसते. ती वाट दाखवायची सोडून चार वेळा फॉरमॅट मारण्यात काय अर्थ आहे?

बीओएस (BeOS) या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वारसा पुढे न्यायला २००१ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली आवृत्तीसुद्धा बीटाच, पाचवी. त्यामुळे उबुंटू या लिनक्सचा इन्स्टॉलर जे मुकाट्याने करून टाकतो, ते इथे डोळ्यांनी तपासून घ्यावं लागतं. यूईएफआय मशीनवर, म्हणजे जुन्या बायोसऐवजी नवं फर्मवेअर असलेल्या मशीनवर, पहिली तपासणी एकच: ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या बूट फाइल्सच्या छोट्या भागात, हायकूचा लोडर (ते सुरू करणारी फाइल) पोचलाय का? नसेल तर पेनड्राइव्हवरच्या ईएफआय पार्टिशनमधली 'बूटएक्स६४' (BOOTX64.EFI) फाइल उचला आणि डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये 'हायकू' नावाचं वेगळं फोल्डर करून त्यात ठेवा. तिथे 'बूट' फोल्डरात त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर लिहू नका, ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची असते. मग ग्रब हा लिनक्सचा बूट मेनू वापरत असाल तर त्यात चेनलोडरची, म्हणजे त्या फाइलकडे नेणारी, नोंद करा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. माझ्या ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाला ड्राइव्हसेटअप या हायकूच्या पार्टिशन साधनामध्ये १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन दिसलं. एवढंसं, नाव नाही, म्हणजे बिनकामाचं, असं समजून त्याने ते उडवलं. तेच ईएफआय पार्टिशन होतं. हायकू उठेना, विंडोजही उठेना, आणि दोन दिवसांवर प्रोजेक्टचं सबमिशन. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट कमांडने ते पार्टिशन नव्याने करायचं, फॅट३२ फॉरमॅट द्यायचा आणि बीसीडीबूट ही कमांड चालवून विंडोजच्या बूट फाइल्स परत आणायच्या, एवढंच काम होतं. पण सी ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद, आणि ४८ आकडी रिकव्हरी की कुठाय ते त्याला ठाऊक नाही. लॅपटॉप घेतला तेव्हा सेटअप वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून झाला होता. की तिथे सापडली म्हणून निभावलं.

म्हणून मी कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी ती की कागदावर लिहून घेतो आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटचा मोबाइलवर फोटो काढतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या सिस्टिमलाच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) बंद केल्याशिवाय हायकू सुरू होत नाही, आणि ते बंद केल्यावर बिटलॉकर की मागू शकतो. तेव्हा बिटलॉकर आधी सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरता थांबवा. पहिल्यांदाच प्रयोग करणाऱ्याने तर हायकू वेगळ्या एसएसडीवरच टाकावं, असं माझं ठाम मत आहे. 'पाच मिनिटांत ड्युअल बूट' असले व्हिडिओ बघून कामाच्या लॅपटॉपची पार्टिशनं हलवू नयेत.

रुफस या विंडोजमधल्या साधनाने हायकूचा पेनड्राइव्ह बनवताना डीडी मोडच, म्हणजे इमेज जशीच्या तशी लिहिणारा पर्याय, निवडा.

हायकूचा लोगो दिसतो आणि पुढे सरकत नाही, तेव्हा खालची सात चित्रं बघा. ती एकेक करून उजळतात. चौथ्या, म्हणजे डिस्कच्या, चित्राच्या आसपास गाडी थांबली तर कर्नलला (हायकूच्या गाभ्याला) बहुधा बूट पार्टिशन सापडत नाहीये. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला, शक्यतो यूएसबी २ च्या, लावून बघा. बायोसच्या सेटिंगमध्ये स्टोरेज रेड (RAID) मोडवर असेल तर एएचसीआय (AHCI) मोड करून पाहता येतं, पण तयारी न करता बदललंत तर विंडोज उठायचं नाही. शेवटच्या रॉकेटपर्यंत सगळी चित्रं उजळून पडदा काळा राहिला तर संशय ग्राफिक्सवर. चालू होतानाच स्पेसबार दाबत राहा, बूट मेनू येईल. त्यात फेल-सेफ व्हिडिओ मोड आहे. बूट होताना काय चाललंय ते पडद्यावर दाखवणारं ऑन-स्क्रीन डीबग आउटपुटही तिथेच मिळतं. नवशिके नेमकं तेच चालू करत नाहीत, आणि मग 'अडकतंय' यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही.

कर्नल डीबगरचा, म्हणजे हायकू कोसळल्यावर उघडणाऱ्या तपासणी पडद्याचा, मजकूर पडद्यावर आला तर लगेच पॉवर बटण दाबू नका. कीबोर्ड चालत असेल तर 'बीटी' (bt) टाइप करून एंटर मारा, संपूर्ण पडद्याचा स्पष्ट फोटो काढा आणि मशीनच्या मॉडेल नंबरसकट हायकूच्या बग ट्रॅकरवर टाका.