जुन्नरच्या पश्चिमेकडील निवांत रस्त्यांवर सायकल नेण्यापूर्वी

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागातील रस्ते निवांत का आहेत हे आधी समजून घ्यावे, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच अवलंबून आहे. कुकडी आणि मीना या नद्यांची खोरी पश्चिमेकडे चढत जाऊन सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतात आणि तिथून कोकणात उतरणारा गाडीरस्ता नाही. कल्याणकडून येणारी वाहने उत्तरेच्या माळशेज घाटातून ओतूर-आळेफाट्याकडे जातात, पुणे-नाशिक महामार्ग पूर्वेला नारायणगावावरून जातो, आणि जुन्नरहून आपटाळे, चावंड, पूर या गावांवरून घाटघरपर्यंत जाणारा रस्ता मुख्यतः स्थानिक लोकांपुरता उरतो. सातवाहनांच्या काळी परिस्थिती नेमकी उलट होती. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून येणारा माल घाटघरजवळच्या नाणेघाटाने वर चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे, म्हणजे आज ज्या रस्त्यावर सायकलस्वाराला एकांत मिळतो तो दोन हजार वर्षांपूर्वीचा वर्दळीचा व्यापारी मार्ग होता. रहदारी नसल्याचे सुख घ्यायचे तर वाटेत मदत मिळणार नाही हेही गृहीत धरावे लागते.

प्रथम मार्ग ठरवावा आणि तो एकाच रस्त्याने जाण्यायेण्याचा आहे हे कागदावर स्पष्ट लिहावे. जुन्नर ते नाणेघाट हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर आहे, म्हणजे परतीसह दिवसाचे साठ-सत्तर किलोमीटर होतात. आकडा लहान वाटला तरी रस्ता चढउतारांचा आहे आणि वाटेत थांबण्याजोगी ठिकाणे इतकी आहेत की अख्खा दिवस हाताशी हवा. नकाशात नाणेघाटाखाली वैशाखरे हे गाव जवळ दिसते म्हणून सायकल घेऊन तिकडे उतरण्याचा बेत कोणी आखू नये. ती कातळात खोदलेली दगडी पायवाट आहे आणि खांद्यावर सायकल घेऊन ती उतरणे हा शहाणपणा नव्हे. ज्यांना चढ नको असेल त्यांनी पूर्वेकडे जुन्नर, लेण्याद्री, ओझर अशी फेरी ठेवावी. अष्टविनायकांपैकी दोन स्थाने आणि येडगाव धरणाचा जलाशय तीत येतात, मात्र वाहनेही अधिक भेटतात. हडसर किल्ल्याकडे जाणारा, माणिकडोह धरणाच्या शहाजीसागर जलाशयाच्या उत्तरेचा रस्ता अर्ध्या दिवसाला पुरेसा आहे. इंगळूनवरून आंबे-हातवीजकडे जाणारा घाट मात्र पायांत बळ असणाऱ्यांनीच निवडावा.

दिवस निवडताना ऋतूइतकेच पंचांगही पाहावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस, दाट धुके आणि डांबरावर चढलेले शेवाळ यांना तोंड द्यावे लागते, शिवाय शनिवार-रविवारी नाणेघाटावर मोटारींची इतकी गर्दी होते की निवांतपणाचा प्रश्नच उरत नाही. त्या दिवसांत पर्यटनस्थळांवर जाण्यास प्रशासनाने मनाई केलेली असू शकते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. १९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीला, आणि तिथीनुसार साजऱ्या होणाऱ्या जयंतीलाही शिवनेरीचा परिसर माणसांनी फुललेला असतो. संकष्टी आणि अंगारकीला लेण्याद्री-ओझरच्या रस्त्यांवर तीच स्थिती असते. मधला एखादा साधा मंगळवार-बुधवार मिळाला तर तो सोडू नये. वाऱ्याचाही विचार असावा: पावसाळ्यात तो पश्चिमेकडून जोराने येतो, त्यामुळे नाणेघाटाकडे जाताना छातीवर आणि परतताना पाठीवर असतो. हा हिशेब सायकलस्वाराच्या सोयीचाच आहे, फक्त जातानाचा वेळ सढळ हाताने धरावा.

सायकलीची तपासणी निघण्याच्या आठवडाभर आधी करावी, म्हणजे काही बदलायचे निघाल्यास वेळ राहतो. अतिशय अरुंद टायर इथे कामाचे नाहीत. किमान २८ मिलिमीटर आणि शक्य असल्यास ३२ किंवा त्याहून रुंद टायर असावेत, कारण पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडा उखडलेल्या असतात आणि खडी मोकळी पडलेली असते. ब्रेक पॅड झिजलेले असल्यास बदलावेत, चेन पुसून तेल द्यावे, आणि मागच्या चक्रावर ३२ किंवा अधिक दातांचा गिअर असल्यास तो अडखळल्याशिवाय पडतो की नाही हे भर चढावर तपासून पाहावे. दोन जादा ट्यूब, पंक्चरची पट्टी आणि सोल्युशन, टायर काढण्याचे लिव्हर, षटकोनी पान्यांचा संच, चेनची एक जादा जोडकडी आणि हातपंप एवढे सामान प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावे. गटात एकच पंप पुरेल हा हिशेब गट विखुरला की कोलमडतो. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर हा अपवाद न मानता नियम मानावा. आणखी एक बारीकशी वस्तू हमखास विसरली जाते. गावातल्या पंक्चरच्या दुकानातील हवेची नळी मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हला बसते, काही सायकलींना असणाऱ्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला नाही. त्यासाठीचा पितळी अॅडॅप्टर खिशात असेल तर आपटाळ्याचे किंवा जुन्नरचे कोणतेही दुकान उपयोगी पडते.

बिबट्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे. जुन्नर वनविभाग हे बिबट्या आणि माणूस यांच्या संघर्षाचे राज्यातील सर्वांत परिचित क्षेत्र आहे आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. धरणे झाली, कालवे आले, उसाचे क्षेत्र वाढले आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या दाट पिकात बिबट्याला आडोसा, पाणी आणि भक्ष्य तिन्ही मिळाले. त्यामुळे धोका जंगलातल्या वाटेपेक्षा पूर्वेच्या सपाट, उसाच्या पट्ट्यातील रस्त्यांवर अधिक आहे, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ऊन टाळण्यासाठी अंधारात निघण्याची सायकलस्वारांची सवय इथे बाजूला ठेवावी: सूर्योदयानंतर, चांगले उजाडल्यावर निघावे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. किमान दोघेजण बरोबर असावेत आणि उसाच्या कडेने जाताना घंटी वाजवीत, बोलत जावे. पंक्चर झाल्यास उसालगत उकिडवे बसून चाक काढू नये, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस लहान दिसतो. सायकल ढकलीत एखाद्या घराच्या अंगणात किंवा मोकळ्या जागेत न्यावी आणि तिथे दुरुस्ती करावी. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये साठवावेत, तसेच कागदावरही लिहून ठेवावेत.

ऊस तोडणीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे जात असतात. त्यांचा मागचा भाग वळणावर आत सरकतो आणि चालकाला मागचे काही दिसत नाही, म्हणून त्यांना वळणावर ओलांडू नये. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. हेल्मेटविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पाणी किती न्यावे याचा निर्णय जुन्नरमध्येच घ्यावा. आपटाळ्यानंतर दुकाने विरळ होतात आणि घाटघरला खाण्याची सोय मिळते ती आधी कळवल्यास, म्हणून माणशी किमान दीड लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटे, खजूर, शेंगदाण्याचे लाडू आणि पोळीभाजीचा डबा असा शिधा असावा. घाटघरात एखाद्या घरी जेवण सांगायचे असेल तर ते आदल्या दिवशी फोन करून सांगावे आणि पैसे रोख न्यावेत, कारण कड्याजवळ फोनचे नेटवर्क भरवशाचे नसते. त्याच कारणाने नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. मासवडी परतल्यावर जुन्नर-नारायणगाव भागात खावी. चढापूर्वी ती खाणे इष्ट नाही, असे माझे मत आहे.

पायांत काय घालायचे याचा विचार इतिहास पाहणाऱ्या सायकलस्वाराने अवश्य करावा. पेडलला अडकणारे, तळाला कठीण क्लिट असलेले बूट कातळावर घसरतात आणि जुन्या दगडालाही ओरखडे पाडतात. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या, शिवनेरीचे सात दरवाजे किंवा नाणेघाटातील लेण्यापर्यंतची उतरण यांसाठी पिशवीत हलक्या चपला असाव्यात. नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका या सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांचा आणि दिलेल्या दानांचा तपशील अंकांसह कोरलेला आहे. तो नीट पाहण्यासाठी लहान विजेरी न्यावी, पण अक्षरांना हात लावू नये. माथ्यावर जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आहे, आणि पूरला कुकडीच्या उगमापाशी कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. या दोन ठिकाणांसाठी मिळून दीड तास तरी वेगळा काढावा. शिवनेरीवर जायचे असेल तर तो दिवस वेगळा ठेवावा आणि सायकल पायथ्याशी भक्कम कुलूप लावून ठेवावी.

जुन्नरला रेल्वे नाही. पुणे किंवा कल्याणहून सायकल मोटारीच्या मागच्या स्टँडवर आणणे सर्वांत सोपे आहे. एसटीने आणायची असल्यास त्या गाडीच्या टपावर सायकल घेतात का हे आगारात आधी विचारावे, कारण सगळ्या गाड्यांना टपावर जाळी नसते. मुक्काम जुन्नरमध्ये ठेवून रोज एक खोरे पाहावे. सकाळी निघताना आपण कोणत्या रस्त्याने जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू हे मुक्कामाच्या ठिकाणी लेखी ठेवावे, आणि त्या वेळेच्या तासाभरानंतरही परतलो नाही तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक त्याच कागदावर लिहावा.