गरुड मोजायला धौलाधारला जाताय? नागपुरातून निघण्याआधीची तयारी

मार्चमध्ये इकडे कूलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू होते, त्याच सुमारास भारतात हिवाळा काढलेले स्टेप ईगल हे गरुड परतीला लागतात. जायचं असतं कझाकस्तान, मंगोलिया, दक्षिण रशियाच्या गवताळ माळांवर. तिथे त्यांची घरटी असतात, पुष्कळदा थेट जमिनीवर. वाटेत हिमालय आडवा येतो आणि धरमशाळेच्या डोक्यावर उभी असलेली धौलाधारची रांग हा त्यांचा एक ठरलेला रस्ता आहे. २००१ चा शरद आणि २००२ चा वसंत अशा दोन हंगामांत तिथे नीट बसून मोजणी झाली, तेव्हा हजारो गरुड या रांगेवरून जातात हे कागदावर आलं. आपल्यापैकी काही जण यंदा तिकडे निघताहेत, म्हणून ही तयारी सांगतो आहे. बॅग भरायला शेवटचे दोन दिवस पुरतात. डोळे तयार व्हायला महिना लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सरावासाठी नागपूरसारखं गाव नाही. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाकडे सकाळी नऊनंतर बाहेरच्या रस्त्यावरूनच बघा. ऊन चढलं की घारी गोल फिरत वर सरकू लागतात. आधी अंदाजाने आकडा बोला, लगेच मोबाइलवर त्या घोळक्याचा फोटो काढा आणि घरी येऊन फोटोतला एकेक ठिपका मोजा. थवा मोठा असला की माणसाचा अंदाज बहुधा खालीच राहतो. तुमचा किती खाली राहतो ते तुम्हाला ठाऊक हवं. पंधरा दिवस हे केलंत की दहाचा गट आणि पन्नासचा गट डोळ्याला आपोआप कळू लागतो. याच घारींवर आकारही डोळ्यात पक्का करून घ्या. शेपटीची खाच, वळताना शेपूट तिरकी करायची लकब, पंखाचा मनगटाशी आलेला बाक. शेपूट पूर्ण पसरली की खाच दिसेनाशी होते, हेही बघून ठेवा. घार कोणत्याही कोनातून, कितीही लांबून ओळखू आली पाहिजे, कारण पहाडात पुढचा प्रत्येक पक्षी ‘घारीपेक्षा वेगळा कसा’ या प्रश्नानेच उलगडतो. एखाद्या रविवारी रामटेकच्या गडावर जा. आपल्या डोळ्यांच्या रेषेत किंवा आपल्या खाली उडणारा शिकारी पक्षी कसा दिसतो, हे अंबाझरीच्या काठावर बसून कळत नाही, आणि कड्यावर निम्मे पक्षी तसेच दिसतात.

मग स्टेप ईगलची ओळख. पुस्तकात पिवळी जिवणी पार डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेलेली दाखवतात आणि ते खरंच आहे, पण दोन किलोमीटरवरून जिवणी दिसत नाही. लांबून दिसतात ते लांब, रुंद, फळीसारखे पंख आणि टोकाला फाकलेली बोटं. पहिल्या वर्षाच्या पिल्लाला पंखाखालून लांबलचक पांढरा पट्टा असतो, तो उन्हात चमकला की शंका उरत नाही. वय वाढेल तसा पट्टा तुटक होत जातो आणि पूर्ण वाढलेला पक्षी गडद तपकिरी दिसतो. म्हणून तक्त्यात तीन रकाने करा: पिल्लू, अधलं, मोठा. चौथा ‘वय कळलं नाही’ आणि शेवटी एक ‘गरुड, जात कळली नाही’ हाही हवा. नवे लोक या शेवटच्या रकान्याला लाजतात आणि दूरच्या प्रत्येक काळ्या ठिपक्याला नाव देऊन टाकतात. कृपा करून तसं करू नका.

वयाच्या रकान्यावर माझा जोर आहे, त्याला कारण आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर रोझली एज यांनी १९३४ मध्ये अभयारण्य उभं केलं आणि तिथे शिकाऱ्यांच्या बंदुकांच्या जागी मोजणीच्या वह्या आल्या. १९३५ ते १९३९ मध्ये तिथून जाणाऱ्या बाल्ड ईगलमध्ये शंभरात चाळीसच्या आसपास पिल्लं होती, १९५५ ते १९५९ मध्ये ती वीसच्या आसपास उरली. मोठे पक्षी दिसत होते, नवे जन्मत नव्हते. डीडीटी या कीटकनाशकावरच्या वादात हे आकडे फार मोलाचे ठरले. वय लिहिलंच नसतं तर हा घोटाळा वहीत दिसलाच नसता.

आता प्रत्यक्ष मोजणी, आणि इथे थोडा वेळ काढून वाचा. गरुडांचं वजन बरंच, त्यामुळे पंख मारत हजारो किलोमीटर जाणं त्यांना परवडत नाही. उन्हाने उतार तापला की गरम हवेचा खांब वर चढतो. पक्षी त्यात शिरतात, गोल गोल घेत उंची गाठतात आणि वर पोचले की पंख जरा मागे ओढून पुढच्या खांबाकडे घसरत जातात. गिरक्या चालू असताना मोजू नका. पक्षी एकमेकांच्या मागे-पुढे होतात, नवे खालून येऊन मिळतात, आणि तुम्ही तोच पक्षी तीनदा मोजता. एसटीत खच्चून गर्दी असली तर आतली डोकी मोजता येत नाहीत, दारातून उतरताना मोजता येतात, तसंच हे. दुर्बीण खांबाच्या माथ्याशी धरा. तिथून पक्षी एकामागोमाग एक रांगेने सुटू लागतात, तेव्हा क्लिकर (दाबला की आकडा एकाने वाढवणारं यंत्र) दाबा. त्यासाठी पहिल्याच सकाळी समोरच्या कड्यावर एक खूण ठरवून घ्या: एखादा सुळका, बर्फाची पन्हळ, टॉवर. त्या रेषेपलीकडे गेला तो मोजला, अलीकडे घुटमळला तो नाही. रेषा रोज तीच.

स्थानिक पक्षी या हिशेबात घेऊ नका. हिमालयी गिधाडं दिवसभर त्याच कड्यावर येरझारा घालतात, दाढीवालं गिधाड येऊन आपल्या डोक्याजवळून जातं आणि सगळे तिकडेच बघत बसतात. बघा, जरूर बघा, पण एकाने नजर रेषेवर ठेवायचीच. बीर-बिलिंगच्या बाजूला बसणार असाल तर पॅराग्लायडरवालेही त्याच गरम हवेत फिरत असतात. ते कुठे वर चढताहेत त्यावर लक्ष ठेवा, पक्षी पुष्कळदा तिथेच सापडतात.

माणसं किमान तीन हवीत. एक डावीकडचं आकाश, एक उजवीकडचं, आणि तिसरा फक्त लिहिणारा. लिहिणाऱ्याने दुर्बीण लावायची नाही. दर तासाला जागा बदला, कारण तासाभराने डोळे चुकार होतात. तक्ता तासातासाचा: वेळ, वाऱ्याची दिशा, ढग किती, किती लांबचं दिसतंय, मोजणारे किती, मग जातवार आणि वयवार आकडे, आणि पक्षी कुठून आले नि कुठे गेले. ज्या तासात एकही पक्षी आला नाही तिथे शून्य लिहायचं. रकाना कोरा सोडलात तर वर्षभराने कुणालाच कळणार नाही की पक्षी नव्हते की आपण चहाला गेलो होतो. माझ्या मते सगळ्या मोजणीचा कणा हे शून्यच आहे.

सामानाचं पटकन सांगतो. दुर्बीण ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२; हात थरथरत असतील तर आठचीच बरी. गटात एक स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) आणि जड ट्रायपॉड, हलका वाऱ्यात नाचतो. दोन क्लिकर, पेन्सिली (थंडीत बॉलपेन अडतं), जाड पुठ्ठ्याचं पॅड, कागद उडू नये म्हणून चिमटे. पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची किंवा सतरंजी नक्की घ्या, मान वर करून सहा तास उभं राहता येत नाही. गॉगल, कडेची टोपी, सनस्क्रीन. दुर्बिणीतून सूर्याच्या जवळपासही फिरकू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

कपड्यांत नागपूरकर हमखास फसतात. आपण ३१० मीटरवर राहतो आणि मार्चमध्ये घामाघूम असतो. मॅक्लॉडगंजच्या वरची नड्डी, धर्मकोट ही ठिकाणं २,००० मीटरच्या आसपास आहेत. सकाळी बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो, दुपारी बारा वाजता स्वेटर काढावा लागतो. थर्मल, स्वेटर, वारा अडवणारं जाकीट असे थर करा. रेनकोट प्रत्येकाकडे हवाच, धरमशाळा पावसाचं गाव आहे आणि मार्चमध्येही गारा पडतात. गडगडाट ऐकू आला की ट्रायपॉड सोडा आणि कड्यावरून खाली उतरा. पावसाने सकाळ गेली म्हणून हिरमुसू नका. थांबून राहिलेले पक्षी उघडीप मिळताच निघतात, म्हणून पावसानंतरचा पहिला लख्ख दिवस अजिबात चुकवू नका.

नागपूरहून जम्मूकडे जाणाऱ्या गाडीने पठाणकोटला उतरा आणि पुढे बस किंवा टॅक्सी. नाहीतर दिल्लीला गाडी बदला. संत्र्यांची एक पेटी न्या. मोजणीच्या जागी पाणी जपून वापरावं लागतं आणि फोड तोंडात टाकताना दुर्बीण खाली ठेवावी लागत नाही. चहाच्या टपरीवाल्यांनाही द्या. कोणत्या दिवशी वर ‘बडे पंछी’ जास्त होते हे त्यांना बरोबर माहीत असतं. सालं मात्र पिशवीत परत आणा.

संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर जेवणाआधी तक्ते जुळवा, बेरजा दोघांनी वेगवेगळ्या करा, कागदाचे फोटो काढून गटावर टाका आणि मगच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. झोप आली म्हणून हे सकाळवर ढकलू नका, रात्रीत आठवण पातळ होते. स्टेप ईगल २०१५ पासून आययूसीएनच्या धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधावर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती त्याने गिधाडं मरत होती म्हणून, पण राजस्थानात मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर सापडलेल्या स्टेप ईगलच्या शरीरातही तेच औषध निघालं. हा पक्षी कमी होतोय की टिकतोय हे सांगायला वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच पद्धतीने भरलेले तक्ते लागतात. म्हणून यंदा ठरवलेली जागा, खुणेची रेषा आणि तासांची वेळ तक्त्याच्या पहिल्या पानावर नकाशासकट लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी जाणारा गट तुमच्याशिवायही तिथेच जाऊन बसू शकेल. आणि परतीचं तिकीट शेवटच्या मोजणीच्या दिवसाचं काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा. दुपारची गाडी पकडायची म्हणून अकरालाच मोजणीवरून उठलेला गट त्या दिवसाचा सगळ्यात भरलेला तास सोडून येतो.