सार्वजनिक बागेत स्वयंसेवक होताय? आधी या चुका टाळा

स्वतःच्या परसात चूक झाली तर चार वांगी कमी येतात. पण गल्लीच्या बागेत उभं राहून लोकांना चुकीचं सांगितलं, तर तीच चूक आठवड्याभरात वीस घरांच्या कुंड्यांत पोचते. बेळगाव आणि आसपास अशा बागांत काम करताना त्याच त्याच चुका पुन्हा दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी शेण. ओलं शेण वाफ्यात घालू नका, आणि दुसऱ्याला घाला म्हणून तर मुळीच सांगू नका.

अनगोळकडच्या एका कॉलनीतली गोष्ट. वळवाचे दोन पाऊस झाले होते. नव्यानंच आलेल्या एका मुलानं गवळ्याकडून ट्रॉलीभर ताजं शेण आणलं आणि वाफ्यांवर पसरून टाकलं. वर सगळ्यांना सांगितलं, "फुकटचं खत आहे, घरी पण न्या." बायकांनी बादल्या भरभरून नेलं. सुरुवातीला रोपं छान तरारली. गणपतीच्या सुमारास मात्र वांगी आणि मिरच्या माना टाकायला लागल्या. पाणी कमी पडतंय म्हणून लोक आणखी पाणी ओतत राहिले. मी एक वांग्याचं रोप बुंध्याशी धरून वर ओढलं, तर ते अलगद हातात आलं. खाली मूळच नव्हतं. खुरप्यानं माती बाजूला केल्यावर पांढरी, लठ्ठ, तांबूस डोक्याची अळी अर्धगोल वळून पडलेली. हुमणी. आपल्याकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, नाव काढताच त्याचा चेहरा पडेल.

वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे, म्हणजे या अळीचे मोठे झालेले किडे, संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुलिंब-बाभळीचा पाला खातात आणि पुन्हा मातीत शिरून अंडी घालतात. न कुजलेलं शेण मिसळलेली ओली माती त्यांना फार मानवते. शिवाय कच्चं शेण मातीत कुजताना तापतं, त्यात कोवळी मुळं भाजतात, आणि तणाचं बी फुकट येतं ते वेगळंच.

माझी सवय सांगते. ढीग निदान पाच-सहा महिने कुजू देते, मे महिन्यात त्यावर जुनी ताडपत्री घट्ट बांधते. वापरायच्या आधी मूठभर खत हातात घेऊन बघते: गरम लागता कामा नये, शेणाचा वास येता कामा नये, चुरडलं की चहाच्या पत्तीसारखं मोकळं व्हायला हवं. मग चाळायचं आणि चाळणीवर राहिलेल्या अळ्या वेचून मारायच्या. वळवानंतर काही दिवस संध्याकाळी कडुलिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. पोरांना हे काम फार आवडतं. "लवकर कुजवायची पावडर मिळते की," असं मला दरवर्षी कुणीतरी सांगतं. ज्याला पाच महिने थांबवत नाही, त्यानं बागेत दुसरं काम घ्यावं, पण खताला हात लावू नये.

दुसरी चूक मला याहून जास्त सलते: एका मातीतला सल्ला दुसऱ्या मातीत नेणं. आपल्या एकाच जिल्ह्यात खानापूरकडची लाल, आम्लधर्मी, पावसानं धुतलेली माती आहे आणि सौंदत्ती-गोकाककडची काळी, चुनखडीची मातीही आहे. खानापूरच्या बाजूला कुणी वाफ्यात चुना टाकला आणि घेवडा सुधारला. ते ऐकून एकानं काळ्या रानातल्या शाळेच्या बागेतही चुना टाकायला लावला. महिन्याभरात कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आधीच चुनखडीनं भरलेल्या मातीत आणखी चुना घातल्यावर पिकाला लोह मिळणार कसं? पुण्या-मुंबईच्या गच्चीवरचे व्हिडिओ बघून शिकवणारे तर मातीचा रंगसुद्धा विचारत नाहीत. आधी माती तपासून घ्या. वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे चार-पाच ठिकाणी काढा, त्यांच्या कडेची माती एकत्र करून सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. कुठे द्यायची ते जवळच्या रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, विचारा. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्रही आहे.

जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचं, माप अंदाजानं सांगू नका. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे एकरभर रानाचं माप आहे. कुंडीला देताना दहापट पाणी घालायचं.

संकरित बियाण्याच्या फळातलं बी "आमचं घरचं बी" म्हणून वाटू नका. पुढच्या वर्षी काय उगवेल ते सांगता येत नाही. देशी बी दिलंत तर पुडीवर नाव, महिना आणि गाव लिहा. दुधी चिरताना तुकडा चाखून बघायला सगळ्यांना शिकवा. कडू लागला तर टाकून द्यायचा, त्याचा रस पोटात गेला तर विषबाधा होते.

पावसाळ्यात सपाट वाफा नको. वीतभर उंच गादीवाफा करा, नाहीतर कोथिंबीर सडते.

फलक मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लावा. शेजारच्या अज्जीला वाचता आला नाही तर तो कुणासाठी लावलाय?

शिकवायला उभं राहण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा. आमच्याकडे येळ्ळूरची एक मावशी येते, आयुष्यभर भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, काढलेली. एका ताईंनी भर दुपारी टोमॅटोची रोपं लावायला घेतली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सांजच्याला लाव की गं, उन्हात रोप घाबरं होतंय." ताईंनी मोबाइलमधलं वाचून दाखवलं आणि लावणी पुढे चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी निम्मी रोपं आडवी. मावशी त्यानंतर बरेच दिवस फिरकली नाही, आणि ते नुकसान रोपांपेक्षा मोठं होतं. म्हणून आता नव्या स्वयंसेवकाला मी पहिलं वर्षभर कुणाला काही शिकवू देत नाही. त्यानं मावशीच्या शेजारी बसून खुरपायचं, विचारायचं, वहीत लिहायचं. कंटाळून निघून जाणारे जातात, त्यांना मी थांबवत नाही.

आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटोपुरती झाडं लावण्याआधी पुढच्या मे महिन्याचं पाणी ठरवा. शाळा बंद, निम्मी कॉलनी गावाला, नळाला पाणी एक दिवसाआड. मे महिन्यात जे घर उघडं असेल, त्याच घराच्या नावावर वाफा लिहा.