भाड्याच्या घरात भाजी लावताय? आधी ॲग्रीमेंट काढा

बी आणायच्या आधी ॲग्रीमेंटमध्ये घर सोडायची तारीख बघा आणि तिथून उलटं मोजत या. मेथी साधारण 25-30 दिवसांत काढता येते, कोथिंबिरीला दीड महिना, पण टोमॅटो-मिरचीला बी टाकल्यापासून पहिलं फळ हाताला लागेपर्यंत तीनेक महिने धराच. म्हणजे चारच महिने उरले असतील तर टोमॅटोची तयार रोपं आणा, बिया रुजवत बसू नका, आणि लिंबू-डाळिंबाचा मोह तर नकोच, ते फळायच्या आत तुमचं सामान बांधून झालेलं असेल.

मग ऊन. सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी बाल्कनीचा एक फोटो काढून ठेवा. सहा तास चांगलं ऊन असेल तरच फळभाज्या, तीन-चार तास असेल तर पालेभाज्या आणि पुदिना.

घरमालकाला मेसेज करूनच विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. अंगण असलं तरी न विचारता कुदळ मारायची नाही. आणि कुंडीखाली ट्रे हवाच, मी पहिल्या घरी कुंड्या सरळ फरशीवर ठेवल्या होत्या, निघताना उचलल्या तर खाली तपकिरी गोल गोल डाग, दोन दिवस घासले, जाईनात, शेवटी डिपॉझिटमधून पैसे गेले. आता ट्रे ठेवते, त्यात साचलेलं पाणी ओतून टाकते (नाहीतर डास), आणि अधूनमधून कुंडी सरकवून खाली बघते.

वजनाचा विचार कुणी करतच नाही! 12 बाय 12 इंचाची ग्रो बॅग (रोपं लावायची पिशवी) मातीने भरून पाणी घातलं की सहज वीस किलोच्या वर जाते. माझा नियम, एकट्याला उचलता येत नसेल ती कुंडी नको. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट समान घ्या, नुसती माती जडही होते आणि घट्टही बसते. पालेभाजीला सहा इंच खोल टब पुरतो, फक्त तळाला भोकं हवीत.

कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलकेच रगडा, एकाचे दोन भाग झाले पाहिजेत, पीठ नाही. रात्रभर भिजवून पेरा, वर अर्धा इंच माती. उगवायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे लागतात, तोवर रोज उकरून बघायचं नाही. सगळा टब एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एक पट्टा पेरलात तर सलग मिळत राहते.

शेवटच्या महिन्यात नवीन पेरणी बंद. शिफ्टिंगच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका, म्हणजे कुंडी हलकी राहते आणि टेम्पोत चिखल होत नाही. टोमॅटोच्या फांद्या जुन्या ओढणीने काठीला सैल बांधा. पुदिन्याची तर कुंडीसुद्धा न्यायला नको, चार काड्या पाण्याच्या बाटलीत घालून हातात धरा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात.