पद्मिनीचं इंजिन शिकताय? आधी पाण्याचा रस्ता बघा

जुन्या गाड्यांच्या कामात उतरू पाहणारी आयटीआयची पोरं हल्ली बरीच भेटतात आणि बहुतेकांची सुरुवात प्रीमियर पद्मिनीपासूनच होते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, पण घरच्या गाड्या अजून शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या आहेत. आजोबांची गाडी चालू करायची हौस असलेल्या नातवांकडे आता पैसेही आहेत. म्हणजे काम आहे. पण "चार सिलिंडर, साधं इंजिन, डोळे मिटून होतं" असं सांगणाऱ्याकडे शिकायला जाऊ नका. डोळे मिटून केलेलीच कामं पुढे आपल्या गळ्यात येतात.

आकडे तुम्हाला पाठ असतीलच. १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या भागात, तिथून पुशरॉड, वर रॉकर. एक कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. याच बोअर-स्ट्रोकचं इंजिन फियाटने १९३७ मध्ये इटलीत आणलं होतं. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ते आधी डुक्कर फियाट, मग डिलाइट या जुन्या मॉडेलांमध्ये, मग पद्मिनीत बसून शतक संपेपर्यंत बाहेर पडत राहिलं. इतकी वर्षं टिकलं ते उगाच नाही. नीट पाणी आणि तेल मिळालं तर हे इंजिन मरत नाही.

नीट पाणी मिळत नाही, इथेच सगळं अडतं. ब्लॉक बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. म्हणजे गाडी तापली-निवली की दर वेळी हेड ब्लॉकवर किंचित सरकतं, आणि मधली गॅस्केट (दोघांमधली फट बंद करणारा पातळ थर) ते सगळं सोसते. इंजिन मर्यादेत तापतंय तोवर ठीक. एकदा भडकलं की हेड वाकतं.

यातच मी अडकलो, आणि नवा पोरगा हमखास यातच अडकतो. गाडी गरम होते, रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं की पाण्यात बुडबुडे दिसतात, दोन शेजारच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) पडलेलं असतं. निदान अगदी बरोबर होतं: गॅस्केट उडाली. मग आपण नवी गॅस्केट आणतो, हेड लेथवाल्याकडून घासून प्लेन (सपाट) करून घेतो, बसवतो, गाडी सुरू. मालक खूश. दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी परत दारात. आपण पुन्हा हेड प्लेन करतो. गॅस्केट मुळात का उडाली, हे कुणी विचारतच नाही, कारण उडालेली गॅस्केट हातात दिसते आणि मूळ दुखणं ब्लॉकच्या पोटात बसलेलं असतं.

ते बघायचं कसं, ते सविस्तर सांगतो. इंजिन पूर्ण थंड असताना ब्लॉकच्या बाजूचा पाणी सोडायचा कॉक उघडा. पाणी धारेने आलं तर बरं. थेंब-थेंब आलं किंवा आलंच नाही, तर कॉक खराब आहे असं समजून पुढे जाऊ नका. तो पूर्ण काढा आणि त्या भोकात जाड तार घाला. तार गंजाच्या आणि क्षाराच्या तपकिरी चिखलात रुतेल. हाताला ते लगेच कळतं, ओल्या चुन्यात खिळा घातल्यासारखं. वॉटर पंप पुढे असतो, म्हणून हा गाळ मागे, चौथ्या सिलिंडरच्या भोवती जास्त साचतो. मागच्या भागात पाणी फिरतच नाही. काट्यावर तापमान ठीक दिसतं, कारण सेन्सर आहे तिथे पाणी आहे. चौथा सिलिंडर मात्र भाजत असतो.

तार घालून थोडं ढवळलं आणि पाणी सुटलं म्हणजे झालं, असं नाही. हेड उतरवलेलंच असेल तर ब्लॉकच्या कडेची पत्र्याची गोल बुचं काढा, आत वाकवलेली तार फिरवा, होसपाइपने उलट्या दिशेने पाणी मारा, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत मारत राहा. अर्धा दिवस जातो, अंगावर लाल पाणी उडतं, आणि या कामाचे वेगळे पैसे द्यायला मालक कुरकुरतो. तरी करा. बुचं नवी घाला, जुनी ठोकून परत बसवू नका. मग रेडिएटर उतरवून साफ करून घ्या. नंतर कूलंट घाला. बोअरवेलचं पाणी तर घालूच नका. कित्येक गाड्यांची वाट याच पाण्याने लागली आहे.

हेडबद्दल दोनच गोष्टी, पण त्यावर तडजोड नाही. एक, बोल्ट गरम इंजिनवर कधीही सैल करायचे नाहीत. काढतानाही थंड, आवळतानाही थंड, मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (आवळताना जोर मोजणारा पाना). "माझा हातच टॉर्क रेंच आहे" म्हणणारे उस्ताद भेटतील. त्यांच्या हाताला नमस्कार करा आणि रेंच विकत घ्या. दुसरं, प्लेन करण्याआधी सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वाक किती ते मोजा आणि हेडची उंचीही मोजा. पद्मिनीची हेडं आधीच कित्येकदा घासलेली असतात. प्रत्येक घासणीत कॉम्प्रेशन वाढतं, आणि एका हद्दीनंतर ते हेड शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचं उरतं. बाजारातली स्वस्त गॅस्केटही ब्लॉकवर ठेवून पाण्याची भोकं जुळवून बघा. न जुळणाऱ्या गॅस्केटी सर्रास मिळतात.

तेलाच्या झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं म्हणून मात्र लगेच घाबरू नका. पावसाळ्यात गाडी नुसती किराणा दुकानापर्यंत नेऊन आणली की नुसत्या दमटपणानेही ते जमतं. डिपस्टिकवर तेल स्वच्छ आहे का बघा, गाडी लांब चालवून आणा, मग बोला.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट, आणि मला त्याचा राग आहे. "आपल्या हवेत लागत नाही" हे वाक्य किती मेकॅनिककडून ऐकलं असेल! थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन वेळेत तापत नाही, कच्चं पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन नेतं, रिंगा झिजतात, मायलेज पडतं. आणि मूळचा गाळ तसाच राहतो.

आता उन्हात बंद पडणारी गाडी. पेट्रोलचा पंप इंजिनच्याच अंगाला बसवलेला, त्यामुळे तो तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रुसते. घाटात पंपावर ओलं फडकं टाकून उभे असलेले काका आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण ठिणगीच्या सर्किटमधला कंडेन्सर किंवा कॉइल गरम झाल्यावर दगा देते तेव्हाही गाडी अशीच बंद पडते आणि निवल्यावर अशीच सुरू होते. फडकं टाकून वीस मिनिटं थांबल्यावर गाडी चालू झाली, तर ती फडक्याने झाली की वीस मिनिटांनी? म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या, ती निवायच्या आत, प्लग काढून ठिणगी बघा. निळी आणि कडक असेल तर पेट्रोलकडे जा. पिवळी, मरतुकडी असेल तर आधी कंडेन्सर बदला, मग पॉइंट घासा. कंडेन्सर नवा म्हणून तो चांगलाच असेल, असंही नाही. हल्लीचा माल बघून एक जास्तीचा डब्यात ठेवा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अशाच भंगार बाजारात टॅक्सीचं इंजिन स्वस्तात मिळेल. घ्या, पण डोळे उघडे ठेवून. त्यातली बरीच वर्षानुवर्षं सीएनजीवर पळालेली. सीएनजी कोरडा जळतो, व्हॉल्व्हच्या सीटा बसत जातात, आणि सीट खाली गेली की टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या रॉकरमधली) फट आपोआप कमी होते. म्हणजे आवाज कमी होतो! विकणारा म्हणेल, "बघा, किती शांत चालतंय." टिकटिक करणारं टॅपेट बरं, ते फीलर गेज लावून नीट होतं. अगदी गप्प टॅपेटखालचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो आणि जळत असतो. मुका टॅपेट दिसला की मी भाव निम्म्यावर आणतो.

शिकायचं कुणाकडे, तर जो मोजू देतो त्याच्याकडे. हात चांगला असलेले जुने मिस्त्री खूप आहेत, पण विचारलं की चिडतात, कारण त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचे हात बघा, आणि त्यामागचं कारण घरी जाऊन मॅन्युअलमध्ये शोधा. व्हिडिओ बघून शिकायला हरकत नाही, मात्र ब्लॉकचा कॉक उघडून दाखवणारा व्हिडिओ मला अजून दिसलेला नाही.

आणि नवं दुखणं म्हणजे इथेनॉल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पेट्रोल पंपातला जुन्या रबराचा डायफ्राम (पडदा) आणि होसपाइप त्याने फुगतात, मऊ पडतात. हवा-पेट्रोलचं मिश्रणही हलकं होतं, म्हणजे हवा जास्त पडते, इंजिन जास्त तापतं, आणि वर सांगितलेलं गॅस्केटचं दुखणं परत सुरू. डायफ्राम, पाइप आणि कार्बोरेटरची किट इथेनॉलला चालणारीच मागा. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघा. महिनोन् महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी भरून ठेवायला सांगा, अर्धवट टाकीत ओलावा धरतो. आणि पार्टचे पैसे आधी घ्या. पद्मिनीचा पार्ट कधी आठवड्यात येतो, कधी येतच नाही, आणि तोवर गाडी आपल्या दारात उभी असते.